फुल स्क्रीन: आत जायचं कसं आणि बाहेर यायचं कसं

मोबाइलवर एखादी मराठी कथा उघडा आणि पडद्यावर कथा सोडून काय काय आहे ते एकदा मोजा. सगळ्यात वर घड्याळ, नेटवर्क आणि बॅटरी. त्याखाली ब्राउझरचा ॲड्रेस बार. त्याखाली साइटचं नाव आणि मेन्यूच्या तीन आडव्या रेघा. तळाशी 'आमचं ॲप डाउनलोड करा' आणि त्याच्याही खाली कुकीजची परवानगी मागणारी पट्टी. या सगळ्यांतून उरलेल्या फटीत कथेच्या सहा-सात ओळी दिसतात. त्यात आपली देवनागरी! वर मात्रा आणि वेलांट्या, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर जाऊन बसतो. त्यामुळे पडद्यावरच्या जागेची टंचाई मराठी वाचकाला जरा जास्तच जाणवते.

ही टंचाई दूर करणारं एक बटण बहुतेकांना माहीत असतं, पण फक्त व्हिडिओपुरतं. क्रिकेटची मॅच असो की पाककृतीचा व्हिडिओ, कोपऱ्यातल्या चार टोकांच्या चौकोनी चिन्हावर बोट ठेवलं की चित्र पडदाभर पसरतं. तेच काम वेबसाइटच्या कुठल्याही पानाला, फोटोंच्या अल्बमला, स्कॅन केलेल्या पुस्तकाला करता येतं हे मात्र अनेकांच्या गावीही नसतं. मी बेंगळुरूत वेबसाइटसाठी मजकूर लिहायचं काम करते. आमच्याकडे हे बटण कुठे ठेवायचं, ठेवायचं की नाही, यावर तास-तासभर मीटिंगा होतात. घरी फोन केला की कळतं, ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांनी ते बटण कधी दाबलेलंच नाही.

आधी आपल्या हातातलं

लॅपटॉप किंवा कॉम्प्युटरवर विंडोज असेल तर एफ-11 ही की दाबा. ॲड्रेस बार, टॅब, खालची पट्टी, सगळं नाहीसं होईल आणि फक्त पान उरेल. काही लॅपटॉपवर त्याच कीवर आवाज किंवा उजेड कमी-जास्त करण्याचं कामही दिलेलं असतं. तिथे एफएन ही की धरून एफ-11 दाबायची. बाहेर यायला पुन्हा एफ-11. की लक्षात राहत नसेल तर क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर क्लिक करा, झूमच्या ओळीतच शेवटी एक चौकोनी चिन्ह आहे, तेच हे. मॅकवर खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका.

मोबाइलवर क्रोममध्ये असं सर्वसाधारण बटण नाही. पान वर सरकवत गेलं की ॲड्रेस बार आपोआप लपतो, तेवढंच. पण ज्या साइट रोजच्या वाचनाच्या आहेत त्या मेन्यूतून 'होम स्क्रीनवर जोडा' करून बघा. साइट बनवणाऱ्याने तशी सोय केली असेल तर ती पुढच्या वेळी ॲपसारखी, ॲड्रेस बारशिवाय उघडते. आयफोनवाल्यांचं जरा अवघड आहे. ॲपलने आयफोनच्या ब्राउझरमध्ये बरीच वर्षं ही सोय फक्त व्हिडिओपुरतीच ठेवली. त्यामुळे तुमच्या अँड्रॉइडवर दिसणारं बटण बहिणीच्या आयफोनवर दिसलं नाही तर फोन बिघडलेला नाही.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करते, कारण तो घरोघरी आहे. फुल स्क्रीन केल्याने अक्षर मोठं होत नाही, जागा मोठी होते. आजोबांना अक्षर बारीक दिसत असेल तर कॉम्प्युटरवर कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबायचं, आणि मोबाइलच्या क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन मजकुराचा आकार वाढवायचा. दोन्ही एकत्र केलं तर खरी मजा.

ती मजा माझ्या बाबांनी अनुभवली. त्यांना जुनी मराठी प्रवासवर्णनं आवडतात, जी आता दुकानात मिळत नाहीत. आमच्या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा यात मोठा वाटा आहे. 2000 नंतरच्या दशकात या संस्थेने अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या आणि देशातल्या इतर संस्थांच्या सोबतीने 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' हा प्रकल्प चालवला. ठिकठिकाणच्या ग्रंथालयांतली पुस्तकं पान-पान स्कॅन झाली, त्यात हजारो मराठी पुस्तकं होती. त्या स्कॅनच्या प्रती आता 'इंटरनेट आर्काइव्ह' या साइटवर कुणालाही फुकट वाचता येतात. स्कॅन फार सुबक नाहीत. कुठे पान तिरकं, कुठे ग्रंथालयाचा शिक्का अक्षरांवर, कुठे पिवळ्या कागदाची काळी झालेली कड. साइटच्या नेहमीच्या पानात पुस्तक छोट्या चौकटीत येतं आणि ओळी वाचवत नाहीत. खालच्या पट्टीतलं फुल स्क्रीनचं चिन्ह दाबलं, एकेक पान दिसण्याची निवड केली, टॅबलेट उभा धरला, की पुस्तक हातात धरल्यासारखं होतं. बाबांना एवढं दाखवायला मला फोनवर वीस मिनिटं लागली. त्यानंतर दोन दिवस त्यांचा फोन आला नाही, तेव्हा समजलं की पुस्तक आवडलंय.

साइट बनवणाऱ्यांसाठी

आपल्या वाचकांपैकी कितीतरी जण आता स्वतःची छोटी साइट चालवतात. कुणाचे रांगोळीचे वर्ग आहेत, कुणाचा पैठण्यांचा व्यवसाय, कुणी मंडळाचा दिवाळी अंक ऑनलाइन काढतं. पैठणीचा काठ दाखवायचा असेल तर तो पडदाभर दिसायलाच हवा. पदरावरचे मोर अंगठ्याएवढ्या चित्रात कोण बघणार? त्यामुळे पाहणाऱ्याला फुल स्क्रीनचं बटण द्या. तयार साच्यांवर साइट बनवली असेल तर फोटो-गॅलरीच्या सेटिंगमध्ये ही सोय बहुधा असतेच, फक्त सुरू करावी लागते. कोणाकडून साइट बनवून घेत असाल तर त्यांच्यासाठी हे एका ओळीचं काम आहे. 'रिक्वेस्ट फुलस्क्रीन' नावाची आज्ञा सगळ्या मोठ्या ब्राउझरांना कळते.

दुसऱ्या साइटवरचा व्हिडिओ आपल्या पानात बसवला आणि त्यातलं फुल स्क्रीनचं बटण चालेना, अशी तक्रार हमखास येते. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पानात बसवलेल्या चौकटीला तुम्ही परवानगी दिली नसेल तर ब्राउझर तिला पडदा व्यापू देत नाही. चौकटीच्या कोडमध्ये 'अलाउ फुलस्क्रीन' हा शब्द आहे का ते बघायला सांगा.

बटणावर नुसतं चिन्ह ठेवू नका, शेजारी 'पूर्ण पडदा' असं लिहा. आणि आत गेल्यावर 'बाहेर पडा' हे बटणही ठेवा. कीबोर्डवर एस्केप असतो हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या साड्या बघणाऱ्या काकूंकडे कीबोर्डच नाही, फोन आहे. फोनवर बाहेर यायला पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढून मग मागे जावं लागतं, आणि हे कोणी कुणाला शिकवलेलं नसतं.

मध्यंतरी एका मीटिंगमध्ये एका ग्राहकाने हट्ट धरला की लिंक उघडताक्षणी साइट आपोआप फुल स्क्रीन झाली पाहिजे. बटण वगैरे नको, थिएटरसारखा परिणाम हवा. आमच्या डेव्हलपरने शांतपणे सांगितलं, "सर, ब्राउझर करू देणार नाही." सरांना वाटलं हा काम टाळतोय. पण तो खरं तेच सांगत होता, आणि या सगळ्या विषयातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा नियम तोच आहे. साइटने मागायचं आणि पाहणाऱ्याने द्यायचं. पाहणाऱ्याने क्लिक केलं, बोट टेकवलं किंवा की दाबली, तरच ब्राउझर पडदा साइटच्या ताब्यात देतो. आणि दिल्यावरही बाहेरचा रस्ता आपल्याच हातात ठेवतो.

हा नियम आला कुठून

ब्राउझरच्या वरच्या पट्टीचं काम आपल्या लक्षात येत नाही, कारण ती कायम तिथे असते. समोर जे पान दिसतंय ते कुणाचं आहे, हे सांगणारी ती एकमेव विश्वासाची जागा. पानाच्या आत कोणीही काहीही रंगवू शकतो. बँकेचं बोधचिन्ह, अशोकस्तंभ, पोलिसांचा शिक्का, सगळं. ॲड्रेस बारमध्ये मात्र साइटला खोटं नाव लिहिता येत नाही. फुल स्क्रीन केल्यावर नेमकी हीच पट्टी जाते.

1990 नंतरच्या दशकाच्या शेवटी इंटरनेट एक्सप्लोररमध्ये साइटला विनाविचारता पडदाभर खिडकी उघडता यायची. जाहिरातवाल्यांनी त्याचा असा उत हात धुऊन फायदा घेतला की ज्यांनी तेव्हा सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजलेत त्यांना एकामागून एक उघडणाऱ्या, बंद न होणाऱ्या त्या खिडक्या अजून आठवत असतील. 2004 साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या मोठ्या दुरुस्तीत मायक्रोसॉफ्टने त्याला लगाम घातला. पुढे 2011 मध्ये क्रोमने आणि 2012 च्या सुरुवातीला फायरफॉक्सने आजच्या पद्धतीचं फुल स्क्रीन आणलं तेव्हा क्लिकची अट आणि 'बाहेर यायला एस्केप दाबा' ही सूचना सोबत आली.

त्याच वर्षी, 2012 च्या ऑक्टोबरमध्ये, फेरोस अबूखादिजे या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्याने या अटीतली फट दाखवून दिली. त्याने एका पानावर एका मोठ्या अमेरिकन बँकेची लिंक ठेवली. त्यावर क्लिक केलं की बँकेची साइट उघडायची नाहीच; त्याचंच पान फुल स्क्रीन व्हायचं आणि त्यावर त्याने ब्राउझरचं चित्र काढलेलं असायचं. टॅब, कुलपाची खूण, बँकेचा पत्ता, खालची पट्टी, सगळं हुबेहूब. खऱ्या ब्राउझरने परवानगी तर घेतली होती, क्लिक झाला होता. पण क्लिक करणाऱ्याला तो कशासाठी झाला हेच माहीत नव्हतं. त्याने हे लोकांना सावध करण्यासाठी केलं. पण ही युक्ती वापरायला चोरांना कुणाची परवानगी लागत नव्हती.

पोलिसांची नोटीस आलीय गं

गेल्या पावसाळ्यात बेळगावहून मावशीचा फोन आला. आवाज इतका हळू की मला आधी वाटलं घरात कुणी आजारी आहे. "अगं, काकांच्या लॅपटॉपवर पोलिसांची नोटीस आलीय बघ. लॅपटॉप बंद पडलाय. कुणाला सांगू नकोस." मागे भोंग्यासारखा आवाज येत होता.

मी व्हिडिओ कॉल करायला सांगितलं. पडद्यावर अशोकस्तंभ, एका मंत्रालयाचं नाव, लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर. तुम्ही वारंवार अश्लील साइट पाहिल्यामुळे तुमचा कॉम्प्युटर कायद्यानुसार बंद करण्यात आला आहे, काही तासांत कार्डाने दंड भरा, नाहीतर गुन्हा दाखल होईल. खाली कार्डाचा नंबर लिहायची चौकट. वरच्या बाजूला ॲड्रेस बार आणि त्यात सरकारी पत्ता. काका मागे खुर्चीत मान खाली घालून बसलेले. निवृत्त शिक्षक माणूस. ते क्रिकेटचा स्कोअर बघत होते, आणि मावशी त्यांच्याकडे अशी बघत होती की मला नोटिशीपेक्षा तिचीच भीती वाटली.

"मावशी, आधी काकांकडे असं बघणं बंद कर," मी म्हटलं. "हे चित्र आहे. त्यांनी काही केलेलं नाही."

"चित्र कसलं? वर गव्हर्न्मेंट लिहिलंय की."

"काका, त्या वरच्या पत्त्यावर क्लिक करा आणि काहीतरी टाइप करून बघा."

काकांनी केलं. काहीच झालं नाही. खरा ॲड्रेस बार असता तर अक्षरं उमटली असती. तेवढ्याने काकांची मान वर आली. मग मी एस्केप दाबायला सांगितलं. "दाबलं, काही होत नाही." मी म्हटलं, दाबून सोडू नका, धरून ठेवा, मनात पाच मोजा. चारला पडदा हलला, वर खरी पट्टी आली, आणि तिच्यात कुठल्या तरी निरर्थक अक्षरांचा पत्ता होता. टॅब बंद केला. भोंगा थांबला.

यात नेमकं काय झालं ते सांगते, कारण कळलं की भीती निम्मी होते. स्कोअरच्या साइटवर एक जाहिरात होती, तिच्यावर चुकून क्लिक झाला आणि दुसरं पान उघडलं. त्या पानावर कुठेही केलेला पुढचा क्लिक म्हणजे ब्राउझरच्या लेखी 'पाहणाऱ्याने होकार दिला'. पान पडदाभर झालं, त्यावर ब्राउझरचं चित्र आलं, माउसचा बाण लपवला गेला. 'बाहेर यायला एस्केप दाबा' ही ब्राउझरची खरी सूचना काही सेकंद दिसून गेली, पण लाल अक्षरं आणि भोंगा यांत ती कोण वाचतो? शिवाय क्रोममध्ये फुल स्क्रीन झालेल्या साइटला कीबोर्डच्या काही कीज स्वतःकडे वळवून घेता येतात. ही सोय खेळांसाठी दिली आहे. तिचा वापर झाला की एस्केप नुसता टिचकी मारून चालत नाही, दोन-तीन सेकंद धरून ठेवावा लागतो. लॅपटॉप बंद पडलेला नसतोच. एका टॅबने पडदा झाकलेला असतो.

म्हणून घरच्या कॉम्प्युटरजवळ चिकटवून ठेवायचं असेल तर हे चिकटवा. एस्केप धरून ठेवा. नाही झालं तर एफ-11. तरीही नाही, तर ऑल्ट आणि एफ-4 एकत्र. शेवटचा उपाय म्हणजे कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कीज एकत्र. त्या कुठल्याही साइटला अडवता येत नाहीत. त्यातून टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करायचा. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप. आणि काहीच आठवलं नाही तर पॉवरचं बटण धरून सरळ मशीन बंद करा. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर विचारेल, आधीची पानं परत उघडू का? नाही म्हणा, नाहीतर तोच भोंगा पुन्हा.

काकांनी कार्डाचा नंबर लिहिला नव्हता. लिहिणारे असतात, आणि ते मूर्ख नसतात. हा सापळा लाजेवर चालतो. नोटीस पोर्नोग्राफीची असते ती याचसाठी, की माणसाने मुलाला, सुनेला, शेजाऱ्याला विचारू नये. 2021 मध्ये दिल्ली पोलिसांनी अशाच खोट्या पोलीस नोटिशीच्या प्रकरणात तामिळनाडूतून तिघांना अटक केली होती. तिथे दंड मागितला जायचा 3,000 रुपये. रक्कम मुद्दाम एवढीच, की वाद न घालता भरून टाकावी आणि विसरावं.

दुसरा प्रकार नोटिशीचा नाही, मदतीचा असतो. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, बंद करू नका, या नंबरवर फोन करा.' तो फोन कुणीतरी उचलतं. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटक पोलिसांनी आमच्या व्हाइटफिल्डमधल्या एका टेक पार्कातल्या कचेरीवर छापा घालून 21 जणांना अटक केली. मायक्रोसॉफ्टचे तंत्रज्ञ असल्याचं भासवून अमेरिकेतल्या लोकांना फसवल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. पोलिसांच्या म्हणण्यानुसार जाहिरातीवर क्लिक करणाऱ्याच्या पडद्यावर धोक्याची सूचना आणि खोटा हेल्पलाइन नंबर यायचा. ज्या भागातल्या ऑफिसांत खरे डेव्हलपर खरी फुल स्क्रीन बटणं बनवतात त्याच भागातलं हे ऑफिस. बसने तिथून जाताना आता मी त्या काचेच्या इमारतींकडे जरा वेगळ्या नजरेने बघते.

पैसे गेले असतील, किंवा कार्डाचा नंबर दिला गेला असेल, तर आधी 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कार्ड बंद करायला सांगा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर नोंदवता येते. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका. आणि पडद्यावर दिसणाऱ्या कुठल्याही नंबरवर फोन करून, सांगतील ते ॲप उतरवून, मशीनचा ताबा कुणाला देऊ नका. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून पडद्यावर फोन नंबर झळकवत नाही, आणि पोलीस ब्राउझरमधून दंड गोळा करत नाहीत.

बाहेर पडलात तर नोंद होईल

घरात नोकरी शोधणारं कुणी असेल तर फुल स्क्रीनची तिसरी तऱ्हा त्यांनी पाहिलेली असेल. कॉलेजातल्या प्लेसमेंटपासून कंपन्यांच्या पहिल्या चाळणीपर्यंत बहुतेक परीक्षा आता ब्राउझरमध्ये होतात. बेंगळुरूचीच हॅकरअर्थ ही त्या क्षेत्रातली एक कंपनी. अशा अनेक परीक्षा फुल स्क्रीनमध्येच द्याव्या लागतात. उत्तरं दुसऱ्या टॅबमध्ये शोधू नयेत हा हेतू.

इथे नियमाची दुसरी बाजू दिसते. परीक्षेची साइटही तुम्हाला आत कोंडून ठेवू शकत नाही. एस्केप तिथेही चालतो. पण तुम्ही बाहेर पडलात हे ब्राउझर साइटला कळवतो आणि साइट ते लिहून ठेवते. कोणी किती वेळा बाहेर पडलं, किती सेकंद बाहेर होतं, हे सगळं परीक्षकापुढे जातं. तुम्ही का बाहेर पडलात ते मात्र जात नाही. कॉपी करायला गेलात की अपडेटची खिडकी अचानक पुढे आली, ब्राउझरला दोन्ही सारखंच.

माझ्यासोबत राहणाऱ्या मुलीचं असंच झालं. ती साताऱ्याची, इथे नोकरी शोधायला आलेली. कोडिंगची परीक्षा चालू असताना बॅटरी संपत आल्याची सूचना पडद्यावर आली, ती बंद करताना फुल स्क्रीन सुटलं. पुन्हा आत जाते तोच ब्लूटूथ इयरफोनची खिडकी. दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी परीक्षा आपोआप जमा झाली, अर्धा प्रश्न बाकी असताना. ती रडली नाही, नुसती पडद्याकडे बघत बसली. ते मला जास्त वाईट वाटलं.

त्यामुळे परीक्षेच्या आधी दहा मिनिटं लॅपटॉपकडे द्या. चार्जर लावूनच बसा. विंडोजमधलं 'डू नॉट डिस्टर्ब' सुरू करा, म्हणजे सूचना पुढे येणार नाहीत. व्हॉट्सॲप, मेल, अँटिव्हायरसच्या सूचना, अपडेट, सगळं बंद किंवा पुढे ढकललेलं. ब्लूटूथ बंद. बहुतेक ठिकाणी सरावाची परीक्षा असते, ती त्याच मशीनवर देऊन बघा. आणि चुकून बाहेर पडलात तर पडद्याचा फोटो आणि वेळ टिपून ठेवा.

तिने तेच केलं होतं, फोनमध्ये तिन्ही खिडक्यांचे फोटो होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते जोडून कंपनीला मेल पाठवला: तीन वेळा बाहेर पडल्याची नोंद आहे, प्रत्येक वेळी पाच-सहा सेकंद, कारण हे. चार दिवसांनी उत्तर आलं, नवीन लिंक आणि नवी वेळ.